वावर राखायला एकनळी बंदूक: अर्जापासून पहिल्या काडतुसापर्यंत

तूर शेंगांवर आली, हरभऱ्याला घाटे धरले की विदर्भातल्या कुठल्याही पारावर डुकरांशिवाय दुसरा विषय नसतो. रात्रभर जागल करूनही पहाटे पिकाच्या दोन-तीन ओळी उलथलेल्या दिसल्या की कुणीतरी म्हणतंच, "आता एक रायफल घेऊनच टाकतो." हा लेख त्या माणसासाठी आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो: रायफल नको. वावर राखायला बंदूक हवीच असेल तर एकनळी बारा बोअर घ्या, म्हणजे गुळगुळीत नळीची, छर्रे मारणारी बंदूक. तीही तारा, झटका मशीन, जागल हे सगळं करून भागत नसेल तेव्हाच.

कागद दोन लागतात

बहुतेकांची गाडी इथेच अडते. बंदूक घरात ठेवायला शस्त्र अधिनियम, १९५९ खालचा परवाना लागतो. तो ग्रामीण भागात जिल्हाधिकारी देतात. नागपूर किंवा अमरावती शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्त. पण हा परवाना फक्त बंदुकीचा आहे. तो हातात असला म्हणून रानडुकरावर किंवा रोह्यावर (नीलगायीवर) गोळी झाडता येत नाही. त्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. बंदूक पिकाच्या राखणीसाठी मंजूर झाली असली तरी हेच लागू.

हे दोन कागद वेगळे आहेत हे ज्याला कळलं त्याचं अर्धं काम झालं. ज्यांना कळत नाही ते खिशात बंदुकीचा परवाना असूनही शिकारीच्या गुन्ह्यात सापडतात.

रायफल का नको

पहिलं कारण कायद्यातच आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी आधी ठासणीच्या बंदुकीचा (जिच्यात नळीच्या तोंडातून दारू भरतात) उल्लेख येतो. ठासणीची पुरणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. नळी मात्र किमान २० इंच लांब हवी. म्हणजे पीक राखण्याचं कारण देऊन रायफल मागणं म्हणजे कायद्याने ज्या दाराकडे बोट दाखवलंय ते सोडून दुसरं ठोठावणं.

दुसरं कारण आपल्या जमिनीत आहे. विदर्भातलं बहुतेक वावर सपाट. धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) दुसऱ्याची कपाशी, त्यापलीकडे पांदण, पांदणीवरून पहाटे दुधाची कॅन घेऊन जाणारा पोरगा. .२२ सारख्या लहान रायफलची गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या .३१५ रायफलची त्याहून कितीतरी दूर जाते. बारा बोअरचे मोठे छर्रेसुद्धा सहा-सातशे मीटर जाऊ शकतात, तेव्हा तीही खेळणं नाही. पण तिचा कामाचा पल्ला तीस-पस्तीस मीटरचा आहे, आणि जागलीच्या माळ्यावरून तेवढंच दिसतं.

राहिली छर्ऱ्याची एअरगन. .१७७ बोअरपर्यंतची आणि २० ज्यूलपेक्षा कमी जोराची असेल तर तिला परवाना लागत नाही, म्हणून ती सर्रास विकत घेतली जाते. तिने डुक्कर पळतही नाही. ससा, तितर, पोपट, मोर यांच्यावर ती चालवली तर ती शिकारच ठरते. मोर तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. लेकराच्या हातात देण्याआधी याचा विचार करा.

अर्ज

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवान्यांच्या पोर्टलवर. नमुना ए-१. भरल्यावर त्याची छापील प्रत आणि कागद घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयातल्या संबंधित शाखेत जावं लागतं. परवाना मिळाला की त्यावर एक युनिक क्रमांक येतो. तो नसलेला जुना परवाना आज चालत नाही. आजोबांच्या ट्रंकेतला पिवळा कागद दाखवून कुणी "चालतंय" म्हणालं तर ऐकू नका.

वय २१ पूर्ण हवं. सातबारा, आठ-अ, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, फोटो हे तर लागतंच. त्याशिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार तीन गोष्टी आहेत ज्या लोक शेवटच्या दिवसापर्यंत विसरतात: शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, डॉक्टरचा शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचा दाखला, आणि बंदूक कुलूपबंद ठेवीन असं हमीपत्र. प्रशिक्षण कुठे मिळतं ते शाखेतच विचारा. दलाल या दाखल्याचेच सगळ्यात जास्त पैसे मागतो आणि शिकवत काहीच नाही.

अर्जाला जोड म्हणून नुकसानीचा इतिहास द्या. माझ्या मते सगळ्यात वजनदार कागद हाच. मागच्या हंगामांत वन विभागाकडे नुकसानभरपाईसाठी केलेले अर्ज, झालेले पंचनामे, तारखेसह फोटो. ज्याने कधी भरपाईच मागितली नाही त्याचं नुकसान कागदावर झालेलंच नसतं. म्हणून बंदुकीचा विचार दोन वर्षांनी करणार असाल तरी पंचनामे आजपासून करून घ्या.

मग अर्ज पोलीस ठाण्याकडे चौकशीला जातो. ठाण्याचा माणूस गावात येतो, पोलीस पाटलाला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो. धुऱ्याच्या वादात मारामारीची तक्रार असेल, दारू पिऊन धिंगाणा घातल्याची नोंद असेल, तर तिथेच अर्ज थांबतो. मला विचाराल तर तो थांबायलाच हवा. नकार आला तर कारण लेखी मागा. त्यावर शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करता येतं.

विदर्भासाठी एक खास अट आहे. ती दुकानदार सांगत नाही, दलाल तर नाहीच नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. ताडोबा-अंधारी, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, बोर, टिपेश्वर, पैनगंगा, उमरेड-कऱ्हांडला, ज्ञानगंगा ही नावं नकाशावर टाकून त्यांभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढा. डुकराचा त्रास जिथे जास्त त्यातली बरीच गावं आत येतात. तुमचं गाव आत असेल तर अर्जासोबतच तसं नमूद करा, म्हणजे फाइल सहा महिन्यांनी परत येणार नाही.

परवाना पाच वर्षांचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीआधी तीनचा होता. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवायची मुभाही काढली.

बंदूक निवडताना

भद्रावती, जवाहरनगर, अंबाझरी अशा ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आपल्याच मुलखात आहेत, म्हणून बंदूक तिथे स्वस्तात मिळत असेल असं काहींना वाटतं. तिथे सैन्याचं काम चालतं. तुम्हाला जायचंय ते परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे. त्याच्याकडे ऑर्डनन्सच्या आणि बिहारमधल्या मुंगेरसारख्या ठिकाणच्या कारखान्यांच्या एकनळी बंदुका असतात. एकनळी दोननळीपेक्षा स्वस्त पडते, कारण नळी एक, चाप एक, आणि दोन नळ्या एकाच ठिकाणी मारतील अशा जुळवायचं नाजूक काम वाचतं. बिघडायलाही तिच्यात कमी असतं.

ठेवण साधी आहे. वरचा खटका दाबला की बंदूक मधून मोडते, मागून काडतूस सरकवायचं, मिटवायची, घोडा चढवायचा, चाप ओढायचा. एका वेळी एकच काडतूस. दुसरी गोळी हवी तर बंदूक पुन्हा मोडावी लागते, आणि तोवर डुक्कर नाल्यात गेलेलं असतं. नवशिक्यासाठी मी हाच तिचा मोठा गुण मानतो. एकच आहे म्हटल्यावर माणूस नेम धरायला वेळ घेतो.

जुनी बंदूक घेत असाल तर ती विक्रेत्यामार्फतच घ्या आणि घाई करू नका. आधी मोडून रिकामी आहे ना ते बघा. मिटवून हलवा: बिजागरीत खडखड नको, नळी आणि मागची पाटी यांच्यात उजेड दिसायला नको. नळीतून आकाशाकडे बघा. आत खड्डे, गंजाचे डाग किंवा कडीसारखी गोल सावली दिसली तर नळी कधीतरी फुगलेली आहे. ती कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा. रिकाम्या बंदुकीचा घोडा अर्ध्यावर चढवून अंगठ्याने पुढे दाबा. तो सुटला तर माल खराब. नळीवर प्रूफची खूण (नळी दाबाला तपासल्याचा शिक्का) आणि क्रमांक स्पष्ट हवा, आणि तोच क्रमांक परवान्यावर चढायला हवा. क्रमांक घासलेली बंदूक हातात धरणंही गुन्हा आहे. गावठी कट्ट्याबद्दल तर बोलायचंच नाही: विनापरवाना शस्त्राला आता दोन ते पाच वर्षं शिक्षा आहे, आणि ती नळी फुटली तर आधी जातो तो तुमचा डोळा.

चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाची, लांबीही बघा. जुन्या बंदुका ६५ मिलिमीटरच्या असतात, नव्या ७० च्या. ७० चं काडतूस ६५ मध्ये बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. बसलं म्हणजे चाललं असं नाही.

काडतूस

आपल्याकडे मिळणारं ओळखीचं नाव म्हणजे शक्तिमान, खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीचं. रानडुकरासाठी एलजी किंवा एसजी. एलजीत मोजके पण जाड छर्रे, एसजीत जरा लहान आणि थोडे जास्त. चार, सहा नंबरचे बारीक छर्रे डुकरावर मारू नका. ते मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर सकाळी निंदणीला आलेल्या बायांच्या अंगावर जातं.

किती काडतुसं घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं. रिकामी टरफलं टाकू नका; किती घेतली, किती उडवली, कधी, कशावर, याची वही ठेवा. कुणाकडे २० बोअरची बंदूक असेल तर त्याची काडतुसं तुमच्या डब्यात येऊ देऊ नका. २० बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे घसरून अडकतं, मागून बाराचं काडतूस बसतं, आणि मग नळी फाटते.

शिकणं

वावरात दगडावर डबा ठेवून निशाणा लावायचा नाही. परवाना पीक राखायला आहे, हौसेला नाही, आणि दगडावरून उसळलेला छर्रा कुठे जाईल सांगता येत नाही. सराव मान्यताप्राप्त रेंजवर करा, तालुक्याला नसेल तर जिल्ह्याला जाऊन.

रेंजवर पहिलं काम गोल चकतीवर नेम मारायचं नाही. मोठा कागद लावा, वीस मीटरवरून एक काडतूस उडवा, नवा कागद लावून तीसवरून एक. मग जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ काढून त्यात छर्रे मोजा. डुकराच्या काळजाची जागा साधारण तेवढी. वीसवर चार-पाच आत आणि तीसवर एखादाच असेल, तर तुमची बंदूक वीस-बावीस मीटरची आहे, शेजाऱ्याची भले चाळीसची असो. प्रत्येक नळी वेगळी फेकते. हा कागद घरी आणून भिंतीला लावा.

दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट, गाल दस्त्यावर टेकलेला, नळीच्या टोकावरचा मणी लक्ष्यावर, चाप बोटाच्या पेराने हळू दाबायचा. दस्ता सैल धरला तर खांदा काळानिळा पडतो आणि दुसऱ्या वेळी माणूस धक्क्याच्या भीतीने डोळे मिटतो. कानात बोळे हवेतच. चाप ओढला आणि काडतूस उडालं नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा. उशिरा पेट घेणारं काडतूस असतं. लगेच मोडाल तर ते तोंडावर फुटेल.

नियम चारच, पण झोपेतही आठवायला हवेत. बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. जे मारायचं नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही.

वन विभागाची परवानगी

वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झालाय अशी खात्री झाली, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी आदेशाने त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर आणि रोही या अनुसूचीत येतात. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पिकाचं कितीही नुकसान केलं तरी त्याच्यासाठी असा आदेश मिळत नाही. व्यवहारात तुमचा अर्ज जातो तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे. गट क्रमांक, पीक, नुकसान, पंचनाम्याची प्रत, बंदुकीच्या परवान्याची प्रत सोबत द्या. वनरक्षकाला आधी वावरात नेऊन खुरांचे ठसे आणि उकरलेली जमीन दाखवा.

आदेश मिळाला की तो दोनदा वाचा. कुठला प्राणी, कुठलं क्षेत्र, कधीपर्यंत. त्याबाहेरचं सगळं शिकार. डुक्कर धुरा ओलांडून जंगलात शिरलं की तुमची परवानगी धुऱ्यावर संपली. अभयारण्याच्या हद्दीत प्राणी मारला तर किमान तीन वर्षं कैद आहे.

मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता असतो. वनरक्षकाला कळवा, पंचनामा होऊ द्या, विल्हेवाट ते सांगतील तशी. मटण शिजवलं, वाटलं, सुळा काढून ठेवला की परवानगीने केलेलं कामही गुन्ह्यात जातं. गावात हीच गोष्ट लोकांना सगळ्यात जड जाते. दहा जण येऊन "वाटा दे" म्हणतात. नाही म्हणायची तयारी आधीच ठेवा.

वावरात

माळ्यावर बसा. जमिनीवर उभं राहून मारलेले छर्रे आडवे जातात. माळ्यावरून मारलेले खाली मातीत शिरतात. पावसाळ्यातली ओली काळी माती छर्रे गिळते, उन्हाळ्यात तडकलेली कोरडी जमीन आणि मुरमाड भाग ते उसळवतो. म्हणून बसायच्या आधी दिवसाउजेडी चहूबाजूंनी बघून ठेवा: कुठल्या दिशेला घर, कुठे पांदण, कुठे शेजाऱ्याची जागल. त्या दिशांना रात्रभर नळी जाणार नाही हे तेव्हाच ठरवा. आजूबाजूच्या जागल्यांना त्या रात्री तुम्ही बंदूक घेऊन बसणार आहात हे सांगा. फोनवर नको, भेटून सांगा.

अंधारात टॉर्चच्या उजेडात दोन डोळे चमकले म्हणून मारायचं नाही. वासराचे डोळेही चमकतात. तुरीत खसखस झाली म्हणूनही नाही. पूर्ण अंग दिसलं पाहिजे, आडवं उभं असलं पाहिजे. नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात. कळपातलं पिलांसोबत असलेलं सोडा.

माळ्यावर चढताना आणि उतरताना बंदूक मोडलेली, काडतूस खिशात. धुरा किंवा तार ओलांडताना तेच. नळीचं तोंड मातीला लागलं तर मोडून आत बघा. आपली चिकणमाती नळीत बुचासारखी बसते, आणि बोटभर मातीनेही नळी फुटते.

डुक्कर जखमी होऊन तुरीत शिरलं तर एकट्याने मागे जाऊ नका. उजाडू द्या, वन विभागाला कळवा, माणसं सोबत घ्या. वाघाच्या मुलखात तर रात्री पायी उतरायचंच नाही.

"एक मारलं की कळप येत नाही" असं सांगतात. महिनाभर येत नाही, मग दुसऱ्या धुऱ्याने येतो. म्हणून झटका मशीन काढून टाकू नका. ती बॅटरीची, झटका देऊन सोडणारी असते. घरच्या लाइनीचा करंट तारेत सोडणं वेगळं, त्याने माणसं मरतात आणि वाघही. सौर कुंपणाला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. वनपरिक्षेत्र कार्यालयात त्याच फेरीत विचारून घ्या.

घरी

बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, चुलीपासून लांब. किल्ली तुमच्याजवळ. चापाजवळचा भाग कापडाने पुसून ठेवा. उडवून आल्यावर त्याच रात्री नळी मागच्या बाजूने साफ करून तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात चामड्याच्या किंवा कापडाच्या म्यानात घालून ठेवू नका. म्यान ओल धरतं आणि आठवड्यात गंज चढतो.

परवान्यावर ज्याचं नाव नाही त्याच्या हातात बंदूक द्यायची नाही. सालगडी, जावई, भाऊ, कुणीही असो. लग्नात, मिरवणुकीत, बारशाला हवेत बार काढणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि ठाण्याने बंदूक जमा करायला सांगितली तर जमा करा आणि पावती घ्या. तूर नेमकी उभी असते तेव्हाच हे येतं, पण पर्याय नाही.

नूतनीकरणाची तारीख घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा. मुदत संपलेली बंदूक किंवा मालक वारल्यावर घरात राहिलेली बंदूक विनापरवानाच धरली जाते. अशा वेळी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, आणि वारसाला ठेवायची असेल तर त्याने स्वतःच्या नावाने नव्याने अर्ज करायचा.